परदेशी प्रशिक्षणाला निघताना: व्हिसाच्या फाइलसोबत आरोग्याची फाइल

खराडी, चंदननगर, वाघोली या पट्ट्यात नोकरीच्या निमित्ताने विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आपली अनेक कुटुंबे आज स्थिरावली आहेत. या घरांतील मुले-मुली कंपन्यांत काम करतात, तशीच काहीजण भाषाही शिकवतात. कोणी इंग्रजी, कोणी जर्मन, कोणी जपानी. शिकवता शिकवता परदेशातील एखाद्या छोट्या शिक्षक-प्रशिक्षणाची संधी येते. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी केंब्रिजचा ‘सेल्टा’ आहे. जर्मन शिकवणाऱ्यांसाठी गोएथे इन्स्टिट्यूटचे जर्मनीतील अभ्यासवर्ग आहेत. जपानी शिकवणाऱ्यांसाठी जपान फाउंडेशनच्या उरावा येथील संस्थेत प्रशिक्षण होते.

अनेक घरांत हा पहिलाच पासपोर्ट असतो. फीसाठी कर्ज काढलेले असते, नाहीतर आईने दागिना मोडलेला असतो. घर आनंदात असते आणि तयारी जोरात असते. बॅग, जॅकेट, व्हिसा, डॉलर, युरो या सगळ्याची यादी होते. आरोग्याचा विषय मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात निघतो. कधीकधी तो मुद्दामच काढला जात नाही. “आजार सांगितला तर जाऊ देणार नाहीत,” ही भीती त्यामागे असते. या लेखाचा विषय हीच भीती आहे.

छोटा अभ्यासक्रम, पण सवड नाही

दोन वर्षांच्या पदवीत आठवडाभर आजारी पडलो तर भरून काढता येते. छोट्या प्रशिक्षणात तसे होत नाही. पूर्णवेळ ‘सेल्टा’ साधारण चार आठवड्यांचा असतो. त्यात प्रत्यक्ष वर्गात सहा तास शिकवून दाखवायचे असते आणि चार लेखी स्वाध्याय द्यायचे असतात. हजेरीही काटेकोर असते. तीन-चार दिवस अंथरुणात गेले तर अभ्यासक्रम अर्धवट राहू शकतो आणि भरलेली फी परत मिळेलच असे नाही. म्हणून तिकीट काढण्याआधीच, निघण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी, डॉक्टरांकडे जावे.

आधी विचारा: माझा सिकलसेल रिपोर्ट कुठे आहे?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. आदिवासी समाजांत तो आहे, तसा आपल्या समाजातही आहे. याचा संबंध कोणाच्या जातीशी नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे सिकलसेलचा एकच जनुक असलेली माणसे गंभीर मलेरियातून तुलनेने वाचली आणि तो जनुक टिकून राहिला. आपण पुण्यात राहायला आलो तरी रक्त तेच असते.

दोन शब्दांतील फरक नीट समजून घ्यावा. ‘वाहक’ म्हणजे एकच जनुक असलेला, रिपोर्टमध्ये एएस. अशी व्यक्ती सहसा निरोगी असते. ‘ग्रस्त’ म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही हा जनुक आलेला, रिपोर्टमध्ये एसएस. अशा व्यक्तीला रक्तक्षय, हाडा-सांध्यांत असह्य वेदना आणि वारंवार संसर्ग होऊ शकतो.

तपासणी सोपी आहे. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने खात्री केली जाते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगावे, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. सरकारी रुग्णालयात त्याबद्दल जरूर विचारावे.

विमानात काय होते?

विमान कितीही उंच उडाले तरी आतील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. त्यामुळे रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो. हवा कोरडी असते, तहान लागत नाही आणि शरीरातील पाणी कमी होत जाते.

वाहक व्यक्तीला साध्या प्रवासी विमानाने जायला सहसा अडचण नसते. “वाहक आहेस, विमानात बसू नकोस,” हा सल्ला चुकीचा आहे. पाणी पीत राहावे, एवढे पुरे. परदेशात सुटीच्या दिवशी उंच डोंगर चढण्याचा बेत असेल तर मात्र सावध राहावे. लघवीतून रक्त गेले किंवा पोटात डाव्या बाजूला जोरात दुखले तर लगेच डॉक्टरांकडे जावे.

सिकलसेलग्रस्त व्यक्तीही प्रवास करू शकते, पण न सांगता, न विचारता नाही. आपल्या डॉक्टरांकडून प्रवासास योग्य असल्याचे पत्र घ्यावे. प्राणवायूची गरज लागू शकते असे डॉक्टर म्हणाले तर विमान कंपनीला आधीच कळवावे. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड एक दिवसही चुकवू नये. जर्मनीत किंवा जपानात हिवाळा असेल तर अंग, हात, पाय उबदार ठेवावेत, कारण थंडीने वेदनांचा झटका येऊ शकतो. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर खोलीत पडून राहू नये, थेट रुग्णालयात जावे. ताईने वर्ग बुडेल म्हणून अंगावर काढलेला ताप जिवावर बेतू शकतो.

विमा: लपवले तर कागद कोरा

युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. इतर देशांत सक्ती नसली तरी विमा घ्यावाच. फॉर्ममध्ये ‘आधीपासूनचा आजार’ हा रकाना असतो. तिथे अनेकजण ‘नाही’ लिहितात, कारण हप्ता वाढेल असे वाटते. पण मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा सिकलसेल लपवला आणि त्याच कारणाने रुग्णालयात जावे लागले, तर कंपनी दावा नाकारू शकते. मग तिथले बिल खराडीतल्या घरावर येते.

आजार खरा लिहावा, आधीच्या आजाराला संरक्षण देणारी पॉलिसी शोधावी आणि त्यातील अटी वाचून घ्याव्यात. सिकलसेल लाजेचा विषय नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात त्याचा स्पष्ट समावेश आहे. प्रशिक्षण संस्थेलाही आवश्यक तेवढे सांगून ठेवावे. वर्गात पाण्याची बाटली, मधली विश्रांती, जवळच्या दवाखान्याचा पत्ता या गोष्टी मागण्यात कमीपणा नाही.

औषधे: इथले साधे, तिथले गुन्ह्याचे

आपल्याकडे दुकानात सहज मिळणारे औषध दुसऱ्या देशात बंदीचे असू शकते. जपानात सर्दीच्या गोळ्यांतील स्युडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती गोळी नेता येत नाही. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवरही तिथे कडक नियम आहेत. डॉक्टरांनी लिहिलेले औषध एका महिन्यापेक्षा जास्त न्यायचे असेल तर जपान सरकारची परवानगी आधी काढावी लागते. वेदनांसाठी आपल्याकडे दिले जाणारे ट्रामाडॉल संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषध आहे, आणि युरोपला जाणारी अनेक विमाने दुबई, अबुधाबीवरून जातात. म्हणून जिथे जायचे तिथले आणि जिथे विमान बदलायचे तिथलेही नियम दूतावासाच्या अधिकृत माहितीतून पाहावेत.

औषधे मूळ पाकिटातच ठेवावीत, सुट्या गोळ्या डबीत भरू नयेत. डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत असावे आणि त्यात आजाराचे नाव, औषधाचे मूळ नाव, मात्रा स्पष्ट असावी. सगळी औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत आणि मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरतील एवढी घ्यावीत. इन्सुलिन सामानात टाकलेल्या बॅगेत कधीही ठेवू नये, ते गोठून निकामी होऊ शकते. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, जर्मनीची उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. इन्सुलिनची वेळ कशी बदलायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

लसी

धनुर्वात, गोवर, टायफॉइड, कावीळ अ आणि ब, इन्फ्लुएन्झा यांपैकी कोणती लस राहिली आहे ते डॉक्टरांना विचारावे. सिकलसेलग्रस्तांनी न्यूमोकॉकल आणि मेनिंगोकॉकल लसींची खास चौकशी करावी. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस सक्तीची आहे. ती अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होते. ही जिवंत विषाणूची लस आहे. हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

प्रवासाचा दिवस

लोहगाव विमानतळ आपल्याला जवळ आहे, पण लांबच्या विमानासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. खराडीतून गाडीत बसल्यापासूनच बसण्याचे तास मोजावेत. गाडीतले चार-पाच तास आणि विमानातले आठ-नऊ तास मिळून पायांतील रक्त साखळू शकते. दर तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळण्याची सवय विशेषतः आपल्या मुलींनी सोडावी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, कारण काही गोळ्यांनी रक्त साखळण्याचा धोका वाढतो. विमानात मद्य फुकट मिळते. पाचवे शील इथे आरोग्याच्याही कामी येते, कारण मद्याने शरीरातील पाणी आणखी कमी होते.

तिथे पोहोचल्यावर

शक्य असेल तर वर्ग सुरू होण्याच्या दोन दिवस आधी पोहोचावे. पहिल्याच दिवसापासून तिथल्या घड्याळाप्रमाणे झोपावे. शिकवणाऱ्याचा गळा हेच हत्यार आहे, म्हणून कोमट पाणी प्यावे आणि ओरडून बोलू नये. शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, मेतकूट सोबत न्यावे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

या वर्गांत रोज आपल्या शिकवण्यावर टीका होते. घरातून पहिल्यांदा बाहेर पडलेल्याला रात्री रडू येते, “आपण इथे शोभत नाही” असे वाटते. तो अपुरेपणा नाही, थकवा असतो. दहा मिनिटे आनापान करावे, घरी फोन करावा. सलग काही दिवस झोप किंवा जेवण सुटले तर प्रशिक्षकांना सांगावे.

भिंतीवर लावा

• आठ आठवडे आधी: सिकलसेल, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब तपासणी आणि दातांची दुरुस्ती.
• सहा आठवडे आधी: लसी आणि औषधांचे देशवार नियम.
• चार आठवडे आधी: खरी माहिती देऊन विमा, डॉक्टरांचे इंग्रजी पत्र.
• एक आठवडा आधी: रिपोर्ट, पत्र, पॉलिसी यांच्या दोन प्रती. एक सोबत, एक घरी.
• तातडीचे क्रमांक: जर्मनी ११२, जपान ११९, थायलंड १६६९.

बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर थकलेले होते. सोबत माईसाहेब होत्या, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. आजार होता म्हणून त्यांनी जाणे टाळले नाही, आणि उपचार मागे ठेवूनही ते गेले नाहीत. आपल्या लेकरांनीही तसेच जावे. आजार असेल तर तो कागदावर लिहून, औषध हातात घेऊन, मान वर करून.

जय भीम! नमो बुद्धाय!