बोटभर पानाचा पसारा

कॅमल सिगारेटच्या पाकिटावर उंट आहे, मागे पिरॅमिड आहेत, खजुराची झाडं आहेत. १९१३ साली अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने हे पाकीट बाजारात आणलं, ते गिऱ्हाइकाला त्या काळच्या झोकदार 'इजिप्शियन' सिगारेटची आठवण व्हावी म्हणून. गंमत अशी की इजिप्तने आपल्या हद्दीत तंबाखू पिकवायला १८९० मध्येच बंदी घातली होती. कैरोतले नावाजलेले सिगारेट कारखाने बहुतेक ग्रीकांचे, आणि त्यांचा कच्चा माल यायचा समुद्रापलीकडून. ऑटोमन साम्राज्यातल्या मॅसिडोनिया आणि थ्रेस या प्रांतांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे पिरॅमिडचा आणि त्या वासाचा संबंध छपाईपुरताच. वास होता तो रोडोपी डोंगराच्या पायथ्याशी उन्हात वाळवलेल्या बोटभर पानाचा.

हा टापू आज ग्रीसच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. कावाला, द्रामा, झांथी ही त्यातली मुख्य गावं. सरहद्दी बदलल्या तरी व्यापारात या तंबाखूला अजून 'ओरिएंटल' किंवा 'तुर्की'च म्हणतात. तिचे प्रकार बरेच आहेत, पण मान आहे तो बास्मा जातीला, आणि त्यातही झांथीच्या डोंगरउतारावरच्या मालाला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला या पिकाची पहिली विचित्र गोष्ट सांगायची तर ही, की चांगल्या जमिनीत ते बिघडतं. काळीभोर रानं, भरपूर खत, पाटाचं पाणी दिलं की पान मोठं होतं, जाड होतं आणि वास जातो. बास्माला मुरमाड, उतरती, भुकेली जमीन लागते. पाणी शक्यतो आभाळाचं, नत्र हात राखून. वर रोपं इतकी दाट लावायची की एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेतील. हेक्टरी दीड ते दोन लाख रोपं! निपाणीकडे बिडीच्या तंबाखूची रोपं हेक्टरी वीस हजारांच्या आत बसतात. तिथे शेंडा खुडतात, फुटवे काढतात, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो आणि पान तिखट, कडक होतं. झाडच कापून रानात उन्हाला टाकतात. ग्रीसच्या डोंगरात उलटं चालतं. तिथे झाड फुलावर येऊ देतात. पान जेमतेम आठ ते पंधरा सेंटिमीटर लांब, पातळ, आणि निकोटीन कमी. दोन्हीकडे वाळवणारा सूर्य तोच, पण एकीकडे माणसाला हवी असते तडफ आणि दुसरीकडे हवा असतो वास.

हा वास येतो पानावरच्या बारीक लवेतून. लवेच्या टोकाला चिकट थेंब असतात. पाण्याचा ताण पडला आणि पान लहान राहिलं की तेवढ्याच जागेत ही लव दाटते, चीक वाढतो. या चिकात साखरेशी जोडलेली काही आम्लं असतात. पान मुरताना आणि जळताना ती सुटी होतात, आणि तोच ओरिएंटलचा ओळखीचा गंध. पिकाची उपासमार करून मिळवलेली ही श्रीमंती आहे, आणि तिची किंमत माणसाच्या कमरेने चुकती होते.

बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे. हिवाळा सरता सरता ते वाफ्यात टाकतात. हल्ली वाफ्यावर प्लास्टिकचा बोगदा असतो. वसंत संपता संपता लागण होते. जूनच्या पुढे खालची पानं पिकायला लागतात आणि खरी कसोटी सुरू होते, कारण झाडावरची सगळी पानं एकदम पिकत नाहीत. खालून वर, एका वेळी तीन-चार पानं, असे पाच-सहा तोडे घ्यावे लागतात. सप्टेंबरपर्यंत तेच रान पुन्हा पुन्हा पालथं घालायचं. वरच्या तोड्यांची पानं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोलाची.

तोडणी सुरू होते मध्यरात्र उलटल्यावर. पूर्वी हातात कंदील असायचा, आता कपाळाला बॅटरी. ऊन चढलं की पान मलूल पडतं, देठ लवतो पण तुटत नाही, चीक हाताला ओढतो. पहाटेच्या गारव्यात मात्र पान ताठ असतं. अंगठा देठाच्या मुळाशी टेकवून खाली दाबलं की 'कट्' आवाज होऊन ते सुटतं. तोडणारी बाई कमरेत वाकलेली. एक हात खुडतो, दुसऱ्या हातात पानं एकावर एक, देठ एका बाजूला, अशी जमत जातात. मूठ भरली की टोपलीत. सकाळचे नऊ-दहा वाजेतो बोटं काळी पडलेली असतात आणि तो काळा थर साबणाला सहजी दाद देत नाही.

मग उरलेला दिवस सावलीत बसून माळा ओवायच्या. दाभणासारखी लांब, चपटी सुई असते. पानाच्या मधल्या शिरेत, देठाजवळ ती खुपसायची, पाठीला पाठ आणि पोटाला पोट लावत. सुई भरली की सगळी पानं मागच्या दोऱ्यावर सरकवायची. ही कामं म्हातारीपासून शाळकरी पोरापर्यंत घरातल्या सगळ्यांची. पुढे माळा शिवणारी यंत्रं आली आणि सुईचं काम कमी झालं, पण यंत्रापुढे पानं मांडायला हात लागतातच.

माळा आधी दिवस-दोन दिवस सावलीत. पान एकदम वाळलं तर हिरवंच राहतं आणि चवीला कच्चं लागतं. ते आधी हळूहळू पिवळं पडायला हवं, म्हणजे आतल्या पिठाची साखर होते. पिवळं पडलं की लगेच चौकटीवर टांगून उन्हात. आता उशीर केला तर ते काळपट पडून वाया जातं. दोन-तीन आठवडे हा खेळ. रात्रीचं दव आणि अवेळचा पाऊस यांच्यापासून झाकायचं, सकाळी उघडायचं. भट्टी नाही, सरपण नाही. इंधनाचा खर्च शून्य आणि लक्ष मात्र चोवीस तास. वाळलेलं पान पापडासारखं मोडतं, म्हणून ते घरात टांगून ठेवतात आणि हिवाळ्यातली दमट हवा येऊन ते मऊ पडलं की मगच गठ्ठे बांधतात.

आता हिशेब करा. दीड ते दोन लाख झाडं, झाडाला पंचवीसेक पानं, आणि हेक्टरी माल एक-सव्वा टन. म्हणजे किलोभर तंबाखूसाठी तीन-चार हजार पानं, प्रत्येक पान निदान तीनदा हाताळलेलं. या पिकाचं सगळं अर्थशास्त्र एवढ्यातच आलं. मजुरी रोख मोजायची झाली तर ते परवडत नाही. घरच्या माणसांच्या घामाला शून्य भाव लावला तरच परवडतं.

गठ्ठे डोंगर उतरून वखारीत आले की पान मुरायला लागतं. वसंतात हवा तापली की गठ्ठ्याच्या आत ऊब धरते, म्हणून ते ठरावीक दिवसांनी कुशीवर पलटायचे. उन्हाळाभर हेच. कावाला बंदरात अशा कित्येक वखारी उभ्या राहिल्या, तीन-तीन चार-चार मजल्यांच्या, खिडक्यांच्या रांगा असलेल्या. व्यापारी नाना देशांचे. पिएर हर्झोग या हंगेरियन ज्यू व्यापाऱ्याने किल्ल्यासारखा वाडा बांधला. तो आज कावालाचं नगरभवन आहे. झांथीचं जुनं गाव १८२९ च्या भूकंपात कोसळलं होतं, ते पुन्हा उभं राहिलं त्यात तंबाखूच्या पैशाचा हात मोठा. आधुनिक इजिप्तच्या राजवंशाचा पाया ज्याने घातला तो मुहम्मद अलीसुद्धा मूळचा कावालाचा, आणि तरुणपणी तंबाखूच्या व्यापारातला. त्याच्या इजिप्तशी या पानाचं नातं असं जुनं होतं.

ऑटोमन सरकारचं कर्ज थकलं तेव्हा सावकारांनी १८८३ मध्ये 'रेझी' नावाची मक्तेदार कंपनी आणली. देशातल्या बाजारासाठी तंबाखू घ्यायचा हक्क तिचाच. तिचे हत्यारबंद पहारेकरी आणि डोंगरवाटांनी माल पळवणारे शेतकरी यांच्यात चकमकी झडत. माझ्या मते तंबाखूचा इतिहास लिहिताना वाड्यांपेक्षा या वाटांकडे जास्त बघायला हवं.

१९२३ च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. द्रामा-कावालातले मुस्लिम शेतकरी तिकडे गेले, अनातोलियातून आलेले ऑर्थोडॉक्स निर्वासित त्यांच्या रानांत बसले. दोन्हीकडच्या लोकांच्या अंगी एकच कसब होतं, त्यामुळे पीक थांबलं नाही, उलट वाढलं. नुसते हात आणि हलकी जमीन असलेल्या कफल्लक कुटुंबाला याहून बरं पीक कोणतं? दोन महायुद्धांच्या दरम्यान ग्रीसच्या निर्यातीत तंबाखू पहिली होती. झांथीकडचे मुस्लिम अदलाबदलीतून वगळले होते. डोंगरात राहणारे पोमाक त्यांच्यातलेच, स्लाव वळणाची बोली बोलणारे. त्यांची गावं बल्गेरियाच्या सरहद्दीलगतची म्हणून १९९५ पर्यंत निर्बंधित पट्ट्यात होती, आत-बाहेर करायला परवानगी लागे. अशा कोंडलेल्या गावात रोख पैसा देणारं पीक हेच.

वखारीतला कामगार मात्र गप्प बसणारा नव्हता. पानं प्रतीप्रमाणे निवडणं हे कुशल काम, त्याला चांगली मजुरी. व्यापाऱ्यांनी 'तोंगा' नावाची सोपी पद्धत आणली. पान-पान न निवडता मूठ-मूठ निवडायची, आणि हे काम बायकांना, कमी मजुरीत. यावरून वर्षानुवर्षं संप झाले. १९३४ मध्ये कावालाने कम्युनिस्ट नगराध्यक्ष निवडून दिला, दिमित्रिस पार्त्सालिदिस. १९३६ च्या एप्रिलअखेर थेसालोनिकीत तंबाखू कामगारांनी मजुरीसाठी संप केला, बाकीचे कामगार त्यात उतरले आणि ९ मे रोजी गोळीबारात बारा माणसं मेली. रस्त्यावर पडलेल्या मुलापाशी आक्रोश करणाऱ्या आईचं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं. ते पाहून यानिस रित्सोसने 'एपितॅफिओस' हे दीर्घकाव्य लिहिलं, पुढे मिकिस थिओडोराकिसने त्याला चाल लावली. निपाणीचं १९८१ चं आंदोलन ज्यांना आठवतं त्यांना हे परकं वाटणार नाही. शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूवाले शेतकरी महामार्गावर बसले होते, आणि तिथेही शेवट पोलिसांच्या गोळ्यांनी झाला. ग्रीसमधल्या वखारींनी पुढे याहून वाईट पाहिलं. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियन अमलाखाली कावाला-द्रामा-झांथी भागातले ज्यू पकडून तंबाखूच्या वखारींत कोंडले आणि तिथून त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे धाडले. त्यांतले बरेच त्याच वखारींत राबलेले असणार.

महायुद्धानंतर सिगारेटच्या अमेरिकन मिश्रणाने जग व्यापलं. त्यात ओरिएंटल असते ती फोडणीपुरती, थोडीशी. ग्रीस युरोपीय समुदायात शिरल्यावर अनुदानं सुरू झाली, आणि पुढे त्याच अनुदानातला थोडा हिस्सा कापून युरोपने धूम्रपानविरोधी प्रचाराचा निधी उभारला. शेतकऱ्याने लावायचं आणि त्याच्याच पैशाने 'ओढू नका' सांगायचं! हसू येतं, पण प्रचार चुकीचा होता असं म्हणायला मी धजणार नाही. हे पान कितीही सुगंधी असलं तरी शेवटी ते फुप्फुसात जातं. २००६ पासून ग्रीसमध्ये अनुदान पिकापासून तोडलं, लावा किंवा न लावा, पैसे मिळणार. तेव्हा तंबाखू सोडणाऱ्यांची रीघ लागली. पश्चिमेकडच्या आग्रिनिओसारख्या जुन्या पेठांत हे पीक जवळजवळ संपलं. बास्मा टिकली, कारण तिला खरेदीदार होते आणि त्या माळावर दुसरं काही धड येत नाही.

लागण आता यंत्राने होते. तोडणी होत नाही. इतक्या दाट, बुटक्या झाडांतून चार पिकलेली पानं ओळखून काढायची आणि बाकीची शाबूत ठेवायची, हे यंत्राला परवडेल अशा भावात जमत नाही. पोमाक गावांतली तरुण मुलं पश्चिम युरोपातल्या बांधकामांवर जातात. मागे राहिलेले कंपनीशी करार करून लावतात. भावाची घासाघीस करताना त्यांच्या हातात फारसं काही नसतं. माल महागला तर सिगारेटवाल्याला मिश्रणातलं ओरिएंटलचं प्रमाण थोडं उतरवता येतं. शेतकऱ्याला मात्र एका किलोतली पानं कमी करता येत नाहीत.