बीमचं तोंड कुठे?

नांदेडहून नरसीकडे जाताना लागणाऱ्या नायगावातून अमेरिकेशी रेडिओवर बोलायचं, तर अँटेना कुठे वळवावा? भिंतीवरचा नकाशा पाहिला की हात आपसूक पश्चिमेकडे जातो. प्रत्यक्षात न्यूयॉर्क तिथून साधारण ३३७ अंशांवर येतं, म्हणजे उत्तरेच्या थोडं डावीकडे. सॅन फ्रान्सिस्को १८ अंशांवर, उत्तरेच्या उजवीकडे. एकच देश उत्तर दिशेच्या दोन्ही अंगांना! लहरी गोल पृथ्वीवरची जवळची वाट धरतात, म्हणून हे असं. टोकिओ ५९ अंशांवर, सिडनी १२७, लंडन ३१९, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहत आलेलं मॉरिशस २०८.

असा तक्ता हौशी रेडिओवाल्याच्या, म्हणजे हॅमच्या, टेबलावर हवाच. पण छतावरचा बीम, म्हणजे एकाच दिशेला झोत टाकणारा अँटेना, या घटकेला कुठे तोंड करून आहे हे खोलीत बसून कळत नसेल, तर त्या तक्त्याचा उपयोग शून्य. ते कळवणारं यंत्र म्हणजे दिशादर्शक. तो विकत मिळतो, पण घरी बनवायला यासारखी दुसरी चीज या छंदात नाही, असं माझं ठाम मत आहे.

बीम म्हणजे बहुतेक वेळा यागी. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास तो जगापुढे मांडला. २० मीटर बँडवर, १४ मेगाहर्ट्‌झला, त्याची एकेक दांडी सुमारे १० मीटर लांब भरते. तीन दांड्यांच्या यागीचा झोत बऱ्यापैकी रुंद असतो, साधारण ६० अंशांचा. म्हणून दर्शकात पाच अंशांची चूक झाली तरी संभाषण अडत नाही. ‘इस्रो’ने ५ मे २००५ रोजी सोडलेल्या आणि २०१४मध्ये बंद पडलेल्या हॅमसॅटसारख्या उपग्रहामागे लागायचं तर उंचीचा कोनही लागतो, तो वेगळा पसारा.

आता मुख्य गोष्ट. बीम फिरवायला बरेच जण गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर वापरतात, कारण तिच्यातला वर्म गिअर जोर देतो आणि वाऱ्याने सहसा उलटा फिरत नाही. मग सोपं म्हणून दर्शकही मोटरलाच जोडला जातो: तिचे फेरे मोजायचे आणि दिशा काढायची. इथेच घोटाळा होतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस वावटळ घेऊन येतो, दहा मीटरच्या दांड्यांवर वारा धडकतो आणि क्लॅम्पमध्ये बीमचा पाइप दोन बोटं सरकतो. मोटर जागची हललेली नसते. खोलीतली सुई ५९ अंश, टोकिओ, असं सांगत राहते आणि बीम भलतीकडेच पाहत असतो. म्हणून मोजणारा भाग वरच्या फिरत्या पाइपलाच जोडला पाहिजे. थोडं वेल्डिंग वाढतं, शिडी एकदा जास्त चढावी लागते, पण सुई मग बीमचीच खबर देते.

मोजायला पॉट पुरतो, म्हणजे पोटेन्शिओमीटर. साधा पॉट सुमारे २७० अंशच फिरतो, पूर्ण वर्तुळाला तो कमी पडतो. दहा फेऱ्यांचा पॉट घ्यावा, पाइपवर मोठं दातेरी चक्र आणि पॉटवर त्याच्या एक अष्टमांश दात्यांचं लहान चक्र बसवावं. बीमच्या एका फेरीत पॉट आठ फेरे घेतो आणि दोन्ही टोकांना एकेक फेरा राखीव राहतो. पॉटला ५ व्होल्ट दिले तर मधल्या तारेवर अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत दाब मिळतो, दर अंशाला ११ मिलिव्होल्ट. तो आर्डुइनो या छोट्या संगणकी पाटीला दिला तर अर्ध्या अंशापर्यंत आकडा दिसतो. मला मात्र काट्याचा मीटर आवडतो: त्याची तबकडी काढून हाताने आखलेली लावायची, तिच्यावर अंशांबरोबर गावांची नावंही लिहायची.

दाते सैल असले की उजवीकडून येताना एक आकडा दिसतो, डावीकडून येताना दुसरा. लहान चक्र स्प्रिंगने मोठ्यावर दाबून ठेवलं की हा फरक जातो. ट्रान्समिट करताच काटा थरथरला, तर लहरी केबलमध्ये शिरताहेत असं समजावं. केबलच्या दोन्ही टोकांना ०.१ मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर आणि फेराइटची कडी लावावी. पॉटच्या डबीला भोक खालच्या बाजूला ठेवावं, आत साचलेलं पाणी निघून जातं. मराठवाड्याच्या उन्हात स्वस्त प्लॅस्टिक फार टिकत नाही. आणि काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. टॉवरच्या ताणतारांचे खुंटे दर हंगामाला तपासावेच लागतात.

शून्य कुठे मानायचं? लोखंडी टॉवरजवळ होकायंत्र फसतं. ध्रुवतारा नायगावातून क्षितिजावर जेमतेम १९ अंश दिसतो आणि उत्तर दाखवायला तोच उत्तम. हिवाळ्यात भर मध्यान्हीची टॉवरची सावलीही चालते. ती घड्याळात १२ला नाही, त्यानंतर सुमारे २० मिनिटांनी पाहावी, थोडं मागेपुढे.

  

दर्शक तयार झाला की परीक्षा घ्यावी. १४.१०० मेगाहर्ट्‌झवर जगभरातले बीकन, म्हणजे खुणेचे ट्रान्समीटर, आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. चक्र तीन मिनिटांचं. जपानचा बीकन साधारण ६० अंशांवर हवा, केनियाचा २४८ अंशांवर. सर्वांत जोरदार ऐकू येणारी जागा शोधू नये, ती फार पसरट असते. आवाज दोन्ही बाजूंना सारखाच पडतो ते दोन आकडे टिपावेत आणि मधला काढावा. दोन्ही बीकनांना सारखीच चूक आली तर शून्य सरकवायचं. चूक वेगवेगळी आली, तर शिडी लावून दाते आणि पॉट पुन्हा पाहायचे.