वित्तव्यवसायाला गणित किती हवे?

पदवीच्या अखेरच्या वर्षाला पोचलेल्या मुलामुलींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. 'सर, मला शेअरबाजारात, म्युच्युअल फंडात किंवा बँकेच्या विक्रीविभागात काम करायचे आहे; पण माझे गणित दहावीलाच सुटले. मला हे जमेल का?' प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या पोटात आपल्या शिक्षणाचे एक जुने दुखणे दडलेले आहे. ज्या लातूरचे नाव परीक्षेतील यशाच्या 'पॅटर्न'मुळे राज्यभर झाले, त्या लातुरात गणिताची एक विचित्र वाटणी होऊन गेली आहे. डॉक्टर होणाऱ्याने ते सोडावयाचे, इंजिनीयर होणाऱ्याने ते घोटावयाचे आणि वाणिज्य शाखेतील मुलाने अकरावीला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेऊन सुटकेचा निःश्वास टाकावयाचा. गणित ही विचार करण्याची रीत आहे, हे या वाटणीत कोणाच्याच वाट्याला आले नाही.

वास्तविक या गावाची पहिली ओळख परीक्षेची नव्हे, आडत बाजाराची आहे. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या सौद्यांवर येथील पेठ उभी राहिली. त्या पेठेतील जुना मुनीम महाविद्यालयाची पायरी चढलेला नसे. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी त्याच्या जिभेवर असत. साडेतीन पटीचा पाढा पाठ करणारी ती पिढी वेडी नव्हती; मापे आणि नाणी पाव-अर्ध्यांत चालत, म्हणून पाढेही तसेच होते. त्याही मागे गेलो, तर इसवी सन ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त त्रैराशिक आणि पंचराशिक सांगताना व्याजाची आणि खरेदी-विक्रीची उदाहरणे घातलेली दिसतात. व्यापार आणि गणित यांची सोयरीक आपल्याकडे आजची नाही.

मुनिमाचे ते गणित आज कालबाह्य झाले काय? एक उदाहरण पाहू. सोयाबीनच्या हमीभाव-खरेदीत ओलाव्याची मर्यादा सामान्यतः १२ टक्के धरतात. समजा, एका शेतकऱ्याच्या १० क्विंटल मालात १८ टक्के ओलावा निघाला. तो माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविला, तर किती भरेल? बहुतेक पदवीधर अठरातून बारा वजा करून सहा टक्के, म्हणजे ६० किलो घट सांगतील. हे उत्तर चूक आहे. मालातील कोरडा अंश ८२० किलो आहे आणि तो वाळलेल्या मालाच्या ८८ टक्के भरला पाहिजे. म्हणजे वाळलेला माल सुमारे ९३२ किलो होईल आणि घट ६८ किलो येईल. आठ किलोंचा फरक दहा क्विंटलांत कोणाला जाणवणार नाही. हजार क्विंटलच्या खरेदीत तो आठ क्विंटल होतो. येथे उच्च गणित कोठेच नाही. टक्केवारी कशाची, हा एकच प्रश्न आहे. आणि तोच विचारावयाची सवय आपण मुलांना लावीत नाही.

आता वित्तसंस्थांतील विक्रीच्या नोकऱ्यांकडे वळू. म्युच्युअल फंडाच्या वितरकासाठी जी प्रमाणपत्र-परीक्षा आवश्यक असते, तीत कलनशास्त्र विचारीत नाहीत. टक्केवारी, सरासरी, चक्रवाढ व्याज, वार्षिक परताव्याचा दर आणि जोखमीची ढोबळ मापे एवढ्यावर भागते. म्हणून विक्रीला गणित लागत नाही, असा समज पसरला आहे. तो घातक आहे. एक योजना घेऊ. दरवर्षाच्या आरंभी ५० हजार रुपये असे दहा वर्षे भरावयाचे आणि वीस वर्षे पूर्ण होताच १० लाख रुपये घ्यावयाचे. 'पाच लाखांचे दहा लाख, पैसे दुप्पट!' असे विक्रेता सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावते. प्रत्यक्षात या व्यवहाराचा वार्षिक दर साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतो. ७२ या संख्येला व्याजदराने भागले, की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात, एवढा आडाखा ठाऊक असला, तरी शंका यावी. हप्ते सरासरीने साडेपंधरा वर्षे गुंतून राहतात आणि ७२ ला साडेपंधराने भागले, की साडेचारच्या जवळपासचा आकडा येतो. अशा योजनेत विम्याचे संरक्षण असेल, तर त्याचे मोल वेगळे धरावे लागेल, हे खरे. पण ते सांगण्यासाठीही विक्रेत्याला आधी हा हिशेब समजलेला हवा. जो विक्रेता हा हिशेब जाणतो आणि लपवितो, तो अप्रामाणिक ठरतो. जो जाणतच नाही, तो स्वतः फसलेला असून शेजाऱ्यालाही फसवितो. आपल्याकडे दुसरा प्रकार अधिक आढळतो. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी बुडविण्यास दुष्टपणा लागत नाही. त्याच्याच माजी विद्यार्थ्याचे अर्धवट अंकज्ञान पुरते.

बाजारात स्वतः सौदे करण्याचे काम मात्र निराळे आहे. तेथे टक्केवारीच्या जोडीला संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांची जाण लागते. दहापैकी नऊ वेळा एक हजार रुपये मिळवून देणारी युक्ती दहाव्या वेळी बारा हजार बुडवीत असेल, तर ती तीन हजारांच्या तोट्याची आहे. पण पहिल्या नऊ सौद्यांपर्यंत तरुणाला आपण पारंगत झालो, असेच वाटत राहते. भांडवल निम्मे बुडाले, तर ते भरून काढण्यास पन्नास नव्हे, शंभर टक्के नफा लागतो, हेही त्याला उशिरा कळते. याचे परिणाम आकड्यांत उमटले आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरबाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये यांतील ७२ टक्क्यांहून अधिक लोक पहिल्या तीस मोठ्या शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले होते आणि ४३ टक्के तिशीच्या आतले होते. याच वर्षी परदेशी गुंतवणूकसंस्थांनी आणि स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांनी जो नफा मिळविला, त्याचा ९६-९७ टक्के भाग संगणकीय सूत्रांनी केलेल्या व्यवहारांतून आला. मोबाईलवर बोट फिरविणाऱ्या आपल्या मुलासमोर कोण बसलेले आहे, हे यावरून ध्यानात यावे.

ती सूत्रे रचणाऱ्यांस मात्र खरोखरच उच्च गणित लागते : कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संगणकाची भाषा. १९०० साली पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी शेअरबाजारातील चढउतारांवर गणिती प्रबंध लिहिला. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांचे ऑप्शनच्या किमतीचे सूत्र प्रसिद्ध झाले. या क्षेत्रातील कार्याबद्दल मर्टन आणि शोल्स यांना १९९७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि पुढच्याच वर्षी, ज्या गुंतवणूकसंस्थेत हे दोघे भागीदार होते, ती अमेरिकेतील संस्था कोसळण्याच्या बेतास आली. सूत्र शुद्ध असले, तरी बाजार सूत्राप्रमाणे वागेल अशी हमी कोणी दिलेली नसते. म्हणजे गणिताची मर्यादा ओळखण्यासाठीसुद्धा गणितच यावे लागते.

यावर कोणी म्हणेल की, हिशेब आता यंत्र करते. माणसाने तो शिकण्याचे कारण काय? यंत्र उत्तर देते. प्रश्न विचारीत नाही. अठरातून बारा वजा करण्याची आज्ञा दिली, तर ते निमूटपणे सहाच सांगेल. त्या मुनिमाकडे जे होते आणि आपल्या पदवीधराकडे नाही, ते पाठांतर नव्हे. उत्तर साधारण किती यावे, याचा आगाऊ अंदाज होय. तो अंदाज चुकीच्या आकड्यावर नजर अडकवितो.

तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. विक्रीच्या कामास दहावीचे गणित पुरे. परंतु ते पाठ केलेले नव्हे, पचलेले हवे. सौद्याच्या कामास संभाव्यता आणि संख्याशास्त्र हवे, आणि त्याहून अधिक संयम. सूत्रे रचण्याच्या कामास गणिताची पदवी वा तीहून अधिक हवी; तेथे आडमार्ग नाही. गणित दहावीला सुटलेल्या मुलाला पहिल्या दोन्ही वाटा बंद नाहीत. ते विसाव्या वर्षीही शिकता येते. मात्र 'गणित येत नाही, म्हणून विक्रीत जातो' असे म्हणणाऱ्याने त्या वाटेस जाऊ नये. कारण त्याच्या चुकीची किंमत दुसऱ्याने भरावयाची असते.

आपली जबाबदारी येथून सुरू होते. वाणिज्य आणि कला या दोन्ही शाखांतील प्रत्येक विद्यार्थ्यास व्यवहारगणिताचा एक विषय सक्तीचा असावा आणि त्यातील उदाहरणे पुस्तकांतून नव्हे, तर हिशेबपट्टीतून, कर्जाच्या करारनाम्यातून आणि विम्याच्या माहितीपत्रकातून घ्यावीत. आठवड्यातून एक तास वर्ग बाजार समितीच्या आवारात भरला, तर बिघडणार नाही. आपल्या वडिलांची हिशेबपट्टी जो मुलगा शेवटच्या पैशापर्यंत तपासू शकतो, त्याला शेअरबाजारातील जाहिरात सहजासहजी भुलवू शकणार नाही. लातूरने गुणपत्रिकेचे गणित राज्याला शिकविले. आता हिशेबपट्टीचे गणित स्वतः पुन्हा शिकण्याची वेळ आली आहे.