टायर घरच्या अंगणात
नागपूर-रायपूर महामार्गावरील साकोलीत पंक्चरवाल्यांची वानवा नाही. तथापि ज्यास स्वतःच्या दुचाकीचा टायर अंगणातच चढविण्याची हौस आहे, त्याने बलप्रयोगापूर्वी रिमच्या रचनेचे मर्म जाणावे. रिमच्या मध्यभागी खोलगट पन्हळ असते. टायरची कडा एका बाजूस तीत गुडघ्याने दाबून धरली असता समोर तेवढी ढिलाई मिळते, आणि एरवी लोखंडी पट्ट्यांस दाद न देणारी तीच कडा, साबणाचे पाणी लावताच, निमूटपणे चढते. प्रारंभ व्हॉल्व्हसमोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. ट्यूबमध्ये किंचित हवा असावी, नपेक्षा ती पट्टीखाली चिमटते. टायरवरचा दिशादर्शक बाण आधीच पाहावा. टायरवरील '2324' म्हणजे निर्मितीचा काळ, 2024 चा तेविसावा आठवडा; दुकानदाराच्या ग्वाहीपेक्षा हा दाखला विश्वसनीय. ट्यूबलेसची कडा मात्र हातपंपाने सहसा बसत नाही. त्यासाठी कॉम्प्रेसरवाल्याकडेच जावे.