वऱ्हाड निघालं विमानानं!

माहीत आहे का, यवतमाळ जिल्ह्यातला सगळ्यात फेमस प्रवासी कोण? नाव 'वॉकर', मूळ पत्ता टिपेश्वर अभयारण्य! जून २०१९ मध्ये हा तरुण वाघ घरातून निघाला. शेतं, नाले, हायवे ओलांडत तेलंगणाला चक्कर मारून आला आणि शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून पावलापावलाचा हिशोब राहिला. सगळी भटकंती मोजली तर ती भरते सुमारे ३,००० किलोमीटर. एवढी पायपीट कशासाठी? हक्काचं राज्य, पोटभर शिकार आणि एक जोडीदारीण!

आता पाळी तुमची. भाच्याचं लग्न बालीत, पुतणीचं फुकेतला, मित्राच्या मुलीचं दुबईत. पत्रिका पीडीएफमध्ये आली, रिसॉर्टचे फोटो बघून झाले, मोठ्या आईंनी साडीही काढून ठेवली. बॅग भरण्याआधी हे एवढं वाचाच.

परदेशी लग्नाला निघालेलं मराठी वऱ्हाड पहिल्यांदा गाजलं ते रंगमंचावर, हे माहीत आहे का? डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'! पात्रं ५२ आणि नट एकच. या एकपात्रीनं गिनीज बुकापर्यंत मजल मारली. तुमच्या वऱ्हाडातही ५२ नमुने असतील, पण इथे प्रत्येकाला आपापला पासपोर्ट लागणार आहे.

सेलिब्रिटींनी तर ट्रेंडच सेट केला. विराट-अनुष्का ११ डिसेंबर २०१७ ला इटलीच्या टस्कनीत, दीपिका-रणवीर नोव्हेंबर २०१८ मध्ये तिथल्याच लेक कोमोच्या काठी. नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी लग्नं देशातच करा, असं आवाहन केलं. पण ठिकाण ठरवणं हे यजमानांचं काम. पाहुण्याचं काम एकच, वेळेवर आणि विनाअडचण पोचणं.

तर पहिला टप्पा: यवतमाळ ते विमान. माहीत आहे का, यवतमाळला धावपट्टी आहे, पण बोर्डिंग पास मिळेल असं प्रवासी विमान नाही! जवळचं मोठं विमानतळ नागपूर, सुमारे १५० किलोमीटर. विमान मुंबईहून असेल तर ५० एक किलोमीटरवरच्या धामणगावहून रेल्वे घ्या, नाहीतर ट्रॅव्हल्स आहेच. समृद्धी महामार्ग यवतमाळ जिल्ह्यात शिरत नाही, पण धामणगावच्या बाजूनं तो गाठता येतो. जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूर ते मुंबईचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. पण ऐका, इंटरनॅशनल फ्लाइटसाठी तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं असतं. मुंबईचं विमान असेल तर एक अख्खा दिवस हातात ठेवून निघा. मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, चेक-इन काउंटर तर नाहीच नाही.

कळंबच्या चिंतामणीला पत्रिका ठेवायला रेल्वेनं जाता येतं, हे माहीत आहे का? वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. आणि बाप्पाची ग्लोबल पोच बघा: इंडोनेशियानं १९९८ मध्ये काढलेल्या २०,००० रुपियांच्या नोटेवर गणपती होता!

आता सगळ्यात महत्त्वाचं, पासपोर्ट. तो आहे, एवढ्यानं भागत नाही. बहुतेक देशांना तो प्रवासाच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने व्हॅलिड लागतो. लहान मुलांचा पासपोर्ट तर जास्तीत जास्त पाचच वर्षांचा असतो. तुमचा दहा वर्षांचा निवांत पडलेला आहे आणि लेकराचा गपचूप संपलेला, असं सर्रास घडतं. आजच कपाट उघडा, सगळ्यांचे पासपोर्ट एका रांगेत मांडा आणि तारखा वाचा.

नावाचा घोळ तर खास आपला! लग्नानंतर आडनाव बदललं, कधी पाळण्यातलं नावही बदललं. आधारवर एक, बँकेत दुसरं, पासपोर्टवर तिसरं. विमानाचं तिकीट मात्र पासपोर्टवर जसं नाव छापलंय तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मधल्या नावासकट, स्पेलिंग टू स्पेलिंग काढायचं. फॅमिली ग्रुपवर 'काकू' म्हणून सेव्ह केलेल्या नावावरून कुणी तिकीट बुक करू नये. पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवून घ्या. आणि माहीत आहे का, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असून एकच नाव असेल, तर संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर प्रवेश अडतो? नोव्हेंबर २०२२ पासून हा नियम आहे. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कागदांवर नुसतं नाव असतं, म्हणून आजीचा पासपोर्ट आधी बघा. दुरुस्तीला वेळ लागतो. यवतमाळकरांसाठी पासपोर्टचं प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे, आणि तत्काळमध्ये करायचं तर नेहमीच्या १,५०० रुपयांवर आणखी २,००० रुपये मोजावे लागतात.

व्हिसा? दुबईला आधी काढायचाच. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला लागत नाही. थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली. पण मे २०२५ पासून तिथे उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. हे नियम झपाट्यानं बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी साइटवर नजर टाकाच.

बालीत उतरलात की विमानतळावर तुमच्याकडे पाच लाख मागतील. घाबरू नका! पाच लाख इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच-तीन हजार रुपये. ही झाली व्हिसा ऑन अरायव्हलची फी. वर दीड लाख रुपियांचा पर्यटक कर, जो १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. एका दिवसात लखपती व्हायचं असेल तर बालीसारखं ठिकाण नाही.

आता बॅग. इथे खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही.

माहीत आहे का, ओटीतली खोबऱ्याची वाटी विमानाच्या नियमांत 'धोकादायक माल' आहे? खरंच! सुक्या खोबऱ्याला संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र नंबर आहे, १३६३. वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात तेल भरपूर, आणि ढीग बंद जागेत राहिला की आतल्या आत उष्णता साठत जाते. खोबरं इथून न्यायचंच नाही. बाली, फुकेत, मॉरिशस, तिन्हीकडे नारळ जागोजागी मिळतो. ताजा घ्या, ओटी तिथेच भरा. अख्खा नारळही केबिन बॅगेत एरवी चालत नाही. २०२४-२५ च्या हंगामात शबरीमला यात्रेकरूंना तेवढ्यापुरती खास सूट द्यावी लागली होती, इतका हा नियम पक्का.

दुसरा बॉम्बगोळा: खसखस! अनारशावरची, सावजी मसाल्यातली, आपल्या स्वयंपाकघरातली साधीसुधी खसखस. ती अफूच्या बोंडातून येते, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये नेण्यास बंदी आहे. दुबईच्या लग्नाला घरच्या मसाल्याची पुडी न्यायची हौस असेल तर त्यात काय काय पडलंय ते आधी आठवा. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर तेही तिथे नियंत्रित यादीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट सोबत ठेवा, गोळ्या सुट्या करून डबीत भरू नका.

आणि खर्रा. हो, खर्रा! विदर्भातल्या पानठेल्यांवर प्लास्टिकवर घोटून मिळणारा खर्रा सिंगापूरला अजिबात नेऊ नका. तिथे चघळायचा तंबाखू बेकायदा आहे, इतकंच काय, १९९२ पासून च्युइंगमही विकायला बंदी आहे. दुबईत विड्याची पानंसुद्धा कस्टमच्या मनाई यादीत आहेत. मी तर म्हणेन, चार दिवस खर्र्याला सुट्टीच द्या. फोटोत दातही छान दिसतील!

झटपट तीन: पॉवर बँक नेहमी केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. मेंदीचे कोन, तूप, लोणचं म्हणजे विमानतळाच्या लेखी 'लिक्विड', म्हणून १०० मिलिलिटरच्या वर असेल तर चेक-इनमध्ये. लग्नातल्या फुलबाज्या आणि भुईनळे कुठेच नाहीत.

चार्जरची पिन! दुबईत तीन चौकोनी पायांचं सॉकेट असतं, बालीत दोन गोल पायांचं. युनिव्हर्सल अॅडॅप्टर एक घेतला की आख्ख्या खोलीची सोय होते. नाहीतर हळदीच्या दिवशी सगळ्यांचे फोन झोपलेले आणि फोटोग्राफर एकटाच जागा!

आता एक मनापासूनची सूचना, आया-मावश्यांसाठी. पाटल्या, गोफ, राणीहार घालून जाणार आहात ना? मग निघतानाच विमानतळावर कस्टम्सकडून दागिन्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. त्यात दागिन्यांची नोंद होते आणि परत येताना 'हे सोनं तिकडून घेतलं का?' या प्रश्नाला कागदच उत्तर देतो. दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्या सोबत ठेवा, आणि यासाठी तासभर जास्तीचा वेळ काढा. अनेकांना ही सोय माहीतच नसते. मला वाटतं, पत्रिकेच्या मागेच ती छापायला हवी.

थायलंडला गेलात की वर्ष बदलतं, माहीत आहे का? तिथे बुद्ध संवत चालतो, आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे. २०२५ तिथे होतं २५६८! बिस्किटाच्या पुड्यावर असं वर्ष दिसलं तर ते पाच शतकं टिकणारं बिस्किट समजू नका. आणि बँकॉकचं पूर्ण नाव? १६८ अक्षरांचं, जगातलं सगळ्यात लांब ठिकाणाचं नाव म्हणून नोंदलेलं. लग्नपत्रिकेत आपण जेवढी 'आमंत्रक' मंडळी छापतो, जवळपास तेवढं.

तिथली एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आपल्याकडे लहान मूल दिसलं की मोठे बाबा मायेनं डोक्यावर हात ठेवतात. थायलंडमध्ये डोकं अत्यंत पवित्र मानलं जातं, अनोळखी मुलाच्या डोक्याला हात लावणं तिथे बरं दिसत नाही. कुणाकडे पाय करून बसणंही नाही. हात जोडून नमस्कार करा, तो त्यांच्याकडेही आहे. ई-सिगारेट नेऊ नका, ती तिथे बेकायदा आहे. समुद्री राष्ट्रीय उद्यानात पोहायला जाणार असाल तर सनस्क्रीनची बाटली वाचा. प्रवाळाला मारणारी काही रसायनं असलेली क्रीम २०२१ पासून तिथे बंद आहेत.

हवामानाचा ट्विस्ट! आपल्याकडे तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू. फुकेतला तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, तर त्याच देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या कोह समुईला नोव्हेंबरमध्ये धो धो! देश एक, समुद्र दोन, मान्सून वेगळे. बालीत साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, मॉरिशसला त्याच सुमारास चक्रीवादळांचा हंगाम. सोबत छत्री, आणि प्रवास विमाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता नगेट. माहीत आहे का, बालीतही शक चालतो? आपल्या पाडव्याच्या आसपासच त्यांचं शक नववर्ष येतं, 'न्येपी'. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि आपला पाडवा ३० ला. २०२६ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, १९ मार्चला! पण आपण गुढी उभारून ढोल वाजवतो, ते संपूर्ण मौन पाळतात. दिवे मंद, रस्ते ओस, पर्यटकांनीही हॉटेलच्या बाहेर पडायचं नाही. चोवीस तास आंतरराष्ट्रीय विमानतळसुद्धा बंद! पाडव्याचा साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त पकडून कुणी बालीत लग्न ठरवत असेल तर आत्ताच फोन करा. डीजे तर सोडाच, नवरदेवसुद्धा उतरणार नाही.

मॉरिशसचं लग्न असेल तर तुमची लॉटरीच! तिथे एकोणिसाव्या शतकात कोकण आणि आसपासच्या भागातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज राहतात, शाळांत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी असते. वेळ काढून त्यांना भेटा. त्यांचं मराठी कानाला वेगळं लागेल, पण 'गणपती बाप्पा मोरया'ला भाषांतर लागत नाही.

आहेराचं काय? भारतीय नोटा बाहेर नेताना नेपाळ-भूतान सोडून २५,००० रुपयांची मर्यादा आहे, तेव्हा पाकिटांचा गठ्ठा भरून नेऊ नका. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशस आणि श्रीलंकेत आपलं यूपीआय सुरू झालंय. आणि आहेर तर यवतमाळातूनच नवरीच्या खात्यात टाकता येतो, ५०१ तर ५०१, वरचा एक रुपयाही जाईल. जड भेटवस्तू नकोच. नव्या जोडप्याला तीही परतीच्या बॅगेत कोंबावी लागते.

आता घड्याळ. बाली आपल्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास पुढे, दुबई आणि मॉरिशस दीड तास मागे. मुहूर्त पत्रिकेत स्थानिक वेळेनं छापलेला असतो, आणि घरी राहिलेली सगळी मंडळी व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकायला बसलेली असतात. बालीत संध्याकाळी ६.३० चा गोरज मुहूर्त म्हणजे यवतमाळात दुपारचे चार, आणि दुबईत ६.३० म्हणजे इथे रात्रीचे आठ. ग्रुपवर दोन्ही वेळा लिहा, ठळक अक्षरांत, आणि लिंक आदल्या रात्रीच पाठवा. आजींना कॉल जोडून द्यायला शेजारचं एक पोरगं आधीच ठरवून ठेवा.