रायमुनिया

पावसाळा लागला की नाल्याच्या काठी, वावराच्या धुऱ्यावर, जंगलाच्या कडेला एक काटेरी झुडूप फुलते. फुलांचे लहान लहान झुबके येतात. मधली फुले पिवळी, कडेची गुलाबी. पान चुरगळले तर उग्र वास येतो. आपल्या वऱ्हाडात हिला रायमुनिया म्हणतात. पुण्याकडे घाणेरी किंवा टणटणी म्हणतात.

एका झुबक्यात दोन रंग कसे? कडेची फुले आधी उमलतात, मधली मागून. नवे फूल पिवळे असते आणि त्यात मध असतो. फुलपाखरू मध पिऊन गेले की फुलाचा रंग पालटतो. मग फुलपाखरे तिकडे फारशी फिरकत नाहीत, पिवळ्याकडे जातात. त्यांची खेप वाया जात नाही!

पुढे हिरवी फळे धरतात. पिकली की काळीनिळी होतात. बुलबुल ती खातात आणि दूर कुठेतरी बी टाकतात. म्हणून कोणी न पेरता रायमुनिया धुऱ्यावर उगवते.

ही मूळची आपली नव्हे, अमेरिकेतली. १८०९ च्या सुमारास इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली. बागेतून ती कुंपणात आली, कुंपणातून रानात गेली. आता मेळघाटात तिची दाट जाळी झाली आहे. जाळीखाली ऊन पोचत नाही, गवत मरते. मग ढोरांनी चरावे काय?

आणि हिचा पाला तर विषारी. गावची ढोरं सहसा तोंड लावत नाहीत. पण उन्हाळ्यात चारा नसला, किंवा बाजारातून नवीन बैल आणला, तर तो खातो. विष काळजावर, म्हणजे यकृतावर जाते. जनावर चारा सोडते, शेण घट्ट होते, डोळे पिवळे पडतात. उन्हात उभे राहिले की नाकाची, कासेची कातडी लाल होऊन फाटते. पुष्कळांना वाटते, ऊन लागले. असे जनावर आधी सावलीत बांधा आणि त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरला दाखवा. पाला पोटात अडकून राहतो व विष भिनतच जाते, म्हणून उद्यावर टाकू नका. हिरवी फळे लेकरांनाही खाऊ देऊ नका.

धुऱ्यावरची रायमुनिया कशी काढावी? वरून तोडली तर ती जास्तच फुटते. जाळली तरी बुडातून पुन्हा येते. पावसाने जमीन मऊ झाली की, फळे धरण्याआधी, कुदळीने माती उकरा. जमिनीखाली चार बोटांवर मुळाचा गड्डा तोडा. निघालेले झुडूप उलटे, मुळ्या वर करून ठेवा. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिलाही मुळ्या फुटतात. जुने बी मातीत असतेच. तेव्हा पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात धुऱ्यावरून एक फेरी मारा आणि कोवळी रोपे हातानेच उपटून टाका.