संडास, समुद्र आणि चाळीस अँपियर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा एक प्रचंड उपसागर आहे. उत्तर-दक्षिण सुमारे ३०० किलोमीटर लांब. मेरीलँड आणि व्हर्जिनिया ही राज्यं त्याच्या काठाने पसरलेली, आणि अ‍ॅनापोलिससारख्या बंदरांत शिडाच्या बोटींची नुसती दाटी. लोक या बोटींवर शनिवार-रविवार काढतात, काही जण तर वर्षानुवर्षं त्यांवरच राहतात. माणूस राहायला आला म्हणजे संडास आलाच. आणि या बोटींच्या संडासामागे बसवलेलं एक छोटंसं यंत्र समजून घेतल्यापासून मला मिठाबद्दल वेगळाच आदर वाटू लागला आहे.

शहरात आपण फ्लश करतो आणि आपल्यापुरता विषय संपतो. पुढे चेंबर, गटार, पंपिंग स्टेशन, शुद्धीकरण केंद्र हा सगळा व्याप कित्येक किलोमीटरवर, महापालिकेच्या हवाली. तीस-पस्तीस फुटी बोटीत एवढं अंतरच नसतं. भांडं, नळी, मैल्यावर प्रक्रिया करणारं यंत्र आणि पाणी बाहेर सोडणारं भोक हे सगळं हाताच्या अंतरावर, बहुतेक वेळा कुणाच्या तरी बिछान्याखाली. जागा नाही, वीज बेताची, गोडं पाणी मोजून मापून. अशा ठिकाणी मैला तीन मिनिटांत निर्जंतुक करायचा, तोही औषधाची एकही बाटली न वापरता. हे जमतं कसं?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला बराच मोठा वाटा आपल्या रोजच्या मिठाचा. पाण्यात विरघळलं की मीठ मीठ राहत नाही. सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, दोघांवरही विद्युतभार असतो. या पाण्यात धातूच्या दोन प्लेटा बुडवून त्यांतून वीज सोडली की ऋण प्लेटेपाशी पाणी फुटतं आणि हायड्रोजनचे बारीक बुडबुडे वर येतात. धन प्लेटेपाशी क्लोराइड आपला जादाचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि त्याचा क्लोरीन होतो. हा क्लोरीन लगेच पाण्याशी संयोग पावतो आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. पोहण्याच्या तलावात, नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचं काम हेच आम्ल करतं.

त्याची मारण्याची रीत बघण्यासारखी आहे. जिवाणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे ऋण भाराचा कुठलाही कण त्याच्या जवळ जाऊ लागला की दूर ढकलला जातो. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर भारच नाही. तो बिनबोभाट आत शिरतो आणि आतली प्रथिनं मोडायला लागतो. या झटापटीत तो स्वतःही संपतो, आणि त्याचं रूपांतर होतं पुन्हा क्लोराइडमध्ये. समुद्रातून जे घेतलं त्यातलं बहुतेक तीन मिनिटांचं काम करून समुद्रात परत. सगळंच परत जातं असं मात्र नाही. थोडा क्लोरीन सेंद्रिय पदार्थांना चिकटून नको ती संयुगं बनवतो, हेही सांगायला हवं.

आणि हे काही माणसाने पहिल्यांदा शोधलेलं नाही. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात. त्या जिवाणूला गिळतात आणि रक्तातलंच क्लोराइड वापरून त्याच्यावर हेच हायपोक्लोरस आम्ल सोडतात. हे घडवून आणणारं विकर हिरवट रंगाचं असतं. जखमेतल्या पुवाला जी हिरवी झाक दिसते ती त्याचीच. बोटीच्या बिछान्याखाली जे विजेने होतं, ते आपल्या बोटाला काटा रुततो तेव्हा विजेशिवाय होतं. मला यापुढे बोलायलाच सुचत नाही.

आता यंत्राकडे. या जातीचं सगळ्यांत माहितीतलं यंत्र न्यू जर्सीच्या रॅरिटन कंपनीचं: आधी लेक्ट्रासॅन नावाचं, नंतर त्याची सुधारित आवृत्ती इलेक्ट्रो स्कॅन. आत दोन कप्पे. संडासातून मैला आणि समुद्राचं पाणी एकत्र आत येतं, पातं त्याचा बारीक लगदा करतं, पंख्याने ते घुसळलं जातं आणि प्लेटांमधून वीज वाहू लागते. ढवळणं इथे विजेइतकंच मोलाचं, कारण मोठ्या गोळ्याच्या पोटात दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचतच नाही. आणखी एक गंमत अशी, की प्रक्रिया झालेलं पाणी लगेच बाहेर जात नाही. ते तसंच आत थांबतं आणि पुढच्या माणसाने फ्लश केल्यावर, नव्याने आलेल्याच्या रेट्याने बाहेर पडतं.

वीज किती लागते? १२ व्होल्टवर चाळीसएक अँपियर, सुमारे तीन मिनिटं. म्हणजे दरवेळी साधारण २ अँपियर-तास. मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात जो नियम मांडला त्याने हिशेब केला, तर एक अँपियर-तास विजेमागे प्लेटांच्या एका जोडीपाशी जास्तीत जास्त १.३ ग्रॅम क्लोरीन निघतो. चिमूटभरच. पण माणसाच्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये शंभर अब्जांच्या घरात जिवाणू असतात, आणि त्यांना तेवढा पुरतो.

हीच रसायनक्रिया नको तिथे घडली तर काय होतं, याची एक भीषण नोंद दुसऱ्या महायुद्धात आहे. जर्मनीची यू-१२०६ ही पाणबुडी १४ एप्रिल १९४५ रोजी स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ पाण्याखाली होती. तिच्या संडासाची रचना अशी, की खोल पाण्यात असतानाही उच्च दाबाने मैला बाहेर फेकता यावा. झडपांची उघडझाप ठरलेल्या क्रमानेच करावी लागे. त्या दिवशी संडासात बिघाड झाला, समुद्राचं पाणी आत घुसलं आणि खाली असलेल्या बॅटऱ्यांवर ओतलं गेलं. मीठ आणि वीज एकत्र आली. पाणबुडीत क्लोरीन वायू पसरू लागला. कप्तान कार्ल-अडॉल्फ श्लिट याच्यापुढे वर येण्यावाचून मार्ग उरला नाही. वर आल्यावर विमानांनी हल्ला केला आणि शेवटी पाणबुडी बुडवून द्यावी लागली. काही खलाशी प्राणाला मुकले. बोटीतलं ते यंत्र नेमका हाच वायू बनवतं, फक्त बंद कप्प्यात, पाण्यात विरघळलेला आणि मोजका.

आता बसवणी. ही कामं करणारा माणूस दिवसभर एका कुशीवर, बिछान्याखालच्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घालून पडलेला असतो. त्याची पहिली काळजी असते तारेची. घरात २३० व्होल्टवर तेवढ्याच शक्तीला दोन अँपियर पुरले असते आणि साध्या वायरने काम भागलं असतं. १२ व्होल्टवर चाळीस अँपियर वाहून न्यायचे म्हणजे तारेतच वीज खर्ची पडते. बॅटरी ५ मीटरवर असली तर जाऊन-येऊन १० मीटर तार झाली. ती ६ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली तर वाटेतच एक व्होल्टाहून जास्त गळतो. १६ ची घेतली तर अर्ध्याहून कमी. व्होल्ट पडले की प्लेटांमधला प्रवाह पडतो, प्रवाह पडला की क्लोरीन कमी, आणि मग दिवा लागतो, मोटर फिरते, पण जंतू जिवंत बाहेर पडतात. म्हणून तार जाड, कल्हई केलेल्या तांब्याची, टोकाचा लग नीट दाबून बसवलेला, आणि बॅटरीजवळ फ्यूज. खाऱ्या हवेत साधं तांबं काही काळातच हिरवं पडतं.

दुसरी काळजी नळीच्या वळणाची, आणि इथे प्रश्न दुर्गंधीचा राहत नाही, बोट तरण्या-बुडण्याचा होतो. बोटीतला संडास बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतो. बाहेर जाणारी नळी एकदा काठोकाठ भरली आणि झडप गळकी असली, की सायफन सुरू होतो आणि समुद्र उलट्या वाटेने भांड्यात येऊ लागतो. धक्क्याला नीट बांधून ठेवलेल्या बोटी अशा रात्रीतून बुडाल्या आहेत. उपाय इतका साधा, की पाहून समाधान वाटतं: नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर नेऊन उलट्या यू आकारात वळवायची आणि वळणाच्या माथ्यावर अंगठ्याएवढी एक हवेची झडप बसवायची. पाणी मागे ओढलं जाऊ लागलं की झडपेतून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. शिडाची बोट वाऱ्याने कलते, म्हणून ही उंची बोट पूर्ण कललेली असतानाही पाण्याच्या वर राहील अशी धरावी लागते. त्या चिमुकल्या झडपेत मिठाचे खडे साचतात. अधूनमधून ती काढून कोमट पाण्यात धुवायची, एवढीच तिची देखभाल, आणि नेमकी हीच विसरली जाते.

नळीही साधी चालत नाही. साध्या नळीच्या रबरातून वास हळूहळू बाहेर झिरपतो. जुन्या बोटीत वास नेमका कुठून येतो हे शोधायचं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीभोवती गुंडाळून ठेवतात, गार झालं की काढून हुंगतात. फडक्याला वास आला की नळी बदलायची. प्रत्येक जोडाला स्टेनलेस स्टीलच्या दोन-दोन क्लिपा, आणि बोटीच्या तळातल्या भोकापाशी हाताने बंद करता येणारा सीकॉक, तोही सहज हात पोचेल अशा जागी.

हे सगळं नीट बसलं, तरी चेसापीक पुढे एक नवाच पेच टाकतो. दक्षिणेला, जिथे तो अटलांटिकला मिळतो, तिथलं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं. उत्तरेला सस्क्वेहाना नदी भरभरून गोडं पाणी आणते आणि तिथे पाणी जवळपास गोडंच. म्हणजे तीच बोट, तेच यंत्र, दक्षिणेत झकास चालेल आणि उत्तरेकडे जाता जाता मंदावत जाईल, कारण पाण्यात वीज वाहून न्यायला आणि क्लोरीन पुरवायला क्लोराइडच उरत नाही. त्यावरचा उपायही मिठाचाच: शेजारी मिठाच्या पाण्याची एक टाकी ठेवायची आणि दर फ्लशला त्यातलं थोडं आत सोडायचं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम ३१२ प्रमाणे अशा यंत्रांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १,००० पेक्षा जास्त नसावेत आणि डोळ्यांना दिसणारा तरंगता घनपदार्थ नसावा. ही यंत्रं ६५ फुटांपर्यंतच्या बोटींना चालतात. दुसऱ्या वर्गाला ही मर्यादा २०० ची. तिसरा वर्ग म्हणजे नुसती साठवणीची टाकी. मोठ्या जहाजांचं जग वेगळं, तिथे जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणावरच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं परिशिष्ट लागू होतं. आपल्याकडची जी मुलं मर्चंट नेव्हीत इंजिनिअर म्हणून जातात, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला फोर्थ इंजिनिअर असताना जहाजाचा सांडपाणी प्लांट येतो. तिथे पद्धत बरोबर उलटी: जंतू मारण्याआधी जंतू पाळायचे. टाकीत हवा फुंकून जिवाणूंना जगवायचं, त्यांनी मैला खायचा, आणि मग शेवटी निर्जंतुकीकरण. कुणी बेसिनमध्ये कडक ब्लीच ओतलं की ती पाळलेली वसाहत मरते आणि ती पुन्हा उभी राहायला कित्येक दिवस जातात.

याच ठिकाणी तीन मिनिटांच्या यंत्राची मर्यादा कळते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. क्लोरीन जंतू मारतो, नायट्रोजन आणि फॉस्फरसला हात लावत नाही. चेसापीकचं खरं दुखणं तेच. शेतातून, शहरांतून वाहून आलेल्या या खतावर शेवाळ माजतं, ते मरून कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि उन्हाळ्यात खोल पाण्याचे मोठे पट्टे असे होतात की त्यात खेकडा आणि कालव तग धरू शकत नाहीत. त्यात बोटींचा वाटा शेती आणि शहरांच्या मानाने लहान आहे. तरी एका छोट्या, बंदिस्त खाडीत नांगरलेल्या पाच-पन्नास बोटींचा परिणाम तिथल्या पाण्यापुरता लहान नसतो. म्हणून काही भागांत प्रक्रिया केलेला मैलाही सोडायला बंदी आहे. चेसापीकमधली हेरिंग बे तशी आहे, फ्लोरिडा कीजचं पाणी तसं आहे, २०१८ पासून पश्चिम किनाऱ्यावरचं प्युजेट साउंडही. मला ही बंदी योग्य वाटते, आणि यंत्राचं कौतुकही तसूभर कमी होत नाही. उघड्या समुद्रात, जिथे प्रवाह आणि खोली दोन्ही आहेत, तिथे हे यंत्र उत्तम. कोंडलेल्या खाडीत टाकीच हवी.

ज्यांना परवडतं ते दोन्ही बसवतात. संडासामागे एक वाय आकाराची झडप, एक फाटा यंत्राकडे, दुसरा टाकीकडे. बंदी असलेल्या पाण्यात शिरताना यंत्राची बाहेरची वाट बंद करून तिला कुलूप लावावं लागतं किंवा दांडा काढून ठेवावा लागतो. टाकी भरली की धक्क्यावरचा पंप लावून रिकामी करायची. तिथून तो मैला शेवटी जमिनीवरच्या शुद्धीकरण केंद्रात जातो. या केंद्रांसाठी मेरीलँडने २००४ मध्ये एक निधी उभारला: गटाराला जोडलेल्या प्रत्येक घराकडून महिन्याला अडीच डॉलर, २०१२ पासून बहुतेकांकडून पाच. लोकांनी त्याला फ्लशवरचा कर असं नाव ठेवलं. त्या पैशांतून राज्यातली मोठी केंद्रं सुधारली गेली, आणि तिथे आता वेगवेगळे जिवाणू आळीपाळीने कामाला लावतात. काही जण अमोनियाचं नायट्रेट करतात. दुसरे, प्राणवायू न मिळाल्यावर, नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो.